गुलाबी हिऱ्याची पाठ

हंसाबाई खडे बसवायची. आर्णीत हे काम करणारी बाई ती एकटीच. नवरा जडावाचं काम करी. तो गेल्यावर दीर त्याची अवजारं विकण्यासाठी न्यायला आले, तर हिनं त्यांना चहा पाजला, रिकाम्या हातांनी परत पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच कामाच्या पाटाशी जाऊन बसली. त्रेसष्टात चौदा कॅरटच्या वरचं सोनं घडवायचं नाही असा कायदा आला, सोनार हवालदिल झाले. हिचं काही अडलं नाही. सोनं घडवणं तिचं कामच नव्हतं. मात्र लोक विचारू लागले, हिराही आता चौदा कॅरटचाच का? ती सांगे, सोन्याचा कॅरट म्हणजे कस, हिऱ्याचा कॅरट म्हणजे वजन. निम्मे लोक न कळताच मान हलवत.

चौसष्टात एका बाजाराच्या दिवशी डॉक्टरांच्या पत्नी रत्नप्रभाबाई आल्या. तांड्यावरची मानीबाई चांदीच्या अंगठीतली निखळलेली काच बसवून घ्यायला आधीच येऊन बसली होती. रत्नप्रभाबाईंनी सासूची अंगठी पाटावर ठेवली.

"आठवड्यापूर्वी तुमच्याकडे दिली होती, खडा हलतो म्हणून. गुलाबी हिरा होता. हा बघा."

खडा पांढुरका दिसत होता, एका कडेला काळा डाग.

"खडा बदललात तुम्ही, हंसाबाई."

आवाज चढवला नव्हता, पण मानीबाईनं ऐकलं आणि आपली अंगठी ओढणीच्या गाठीत परत बांधली. संध्याकाळपर्यंत तांडाभर झालं असतं, उद्या गावभर. खडा बदलणारीकडे खडा कोण देतो? पाट उचलून ठेवावा लागला असता.

हंसाबाईनं विचारलं, "धुतली कशात, डॉक्टरीणबाई?"

"रिठ्याच्या पाण्यात. सकाळभर भिजवली. परवा आमच्या लेकीला, मंजुषाला बघायला येताहेत. आम्ही सगळे दागिने रिठ्यातच धुतो."

"सगळ्या खड्यांची पाठ या अंगठीसारखी बंद नसते. थांबा, तुमच्यासमोरच उघडतो. मानीबाई, तू बी बैस."

"मी कायले? मले काय कळते हिऱ्यातलं?"

"मले चोर म्हणलेलं कळलं न? तेवढं पुरे."

तिनं खड्याभोवतीचं कोंदण टोच्यानं हळूहळू सरकवलं आणि खडा कागदावर काढला. खाली पातळ पत्रा होता. मधे अजून गुलाबी, कडांना काळा पडलेला. मधला तुकडा तिनं चिमट्यानं खड्याखाली धरला. खडा गुलाबी झाला. काढला, पांढरा. पुन्हा धरला.

"असली हिरा हाय, पैलू जुने. जन्माचा गुलाबी हिरा असते म्हणते, मी तं पाह्यला नाही. हा रंग पत्र्याचा. आमी याले डाक म्हणतो. आत पाणी गेलं, रंग गेला."

रत्नप्रभाबाईंनी काळा पडलेला पत्रा बोटानं उलटून पाहिला. "सासूबाईंनी चाळीस वर्षं सगळ्या यवतमाळला गुलाबी हिरा म्हणून दाखवली ही अंगठी."

"नवी डाक घाला," त्या म्हणाल्या. "आणि ही गोष्ट इथंच राहू द्या."

"डाक घालतो. पण तुमी म्हणलं ते इथं कुठं राह्यलं? मानीबाईनं ऐकलं."

आयुष्यभर हुकूम सोडलेल्या माणसाला माफीची तीन वाक्यंही फार जड जातात. रत्नप्रभाबाईंनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि मानीबाईकडे वळल्या.

"खडा यांनी बदलला नाही. मीच भिजवून रंग घालवला. मी उगाच बोलले."

मानीबाईनं ओढणीची गाठ सोडली. "तुमची सासू हुशार, बाई. चाळीस साल कोणाले धुवू देली नाही."

रत्नप्रभाबाईंना हसू आलं. न हसून करतात काय.

"डाक नको," त्या म्हणाल्या. "पाठ उघडी ठेवूनच बसवा. पांढरा तर पांढरा."

पुढच्या आठवड्यात गावातल्या सुनांची रांग लागली. सगळ्यांच्या मुठीत सासूची अंगठी आणि एकच प्रश्न, आमच्यातही डाक आहे का बघा. हंसाबाई बोट लावून खडा हलतो का तेवढं पाही.

"हलत नाही न? मंग उघडू कायले? जा घरी."