रक्त मागितलं, नारळ मिळाला

दुसऱ्याचं दुःख पडद्यावर पाहून डोळे पुसले, की आपलं काम झालं असं तुम्हालाही वाटतं का?

वाटत असेल, तर ऐंशीच्या दशकात तुम्ही गांधीबागेतल्या आमच्या गल्लीत शोभला असता. तिथे साड्यांना फॉल लावून देणाऱ्या एक काकू राहायच्या. त्यांचं ऑपरेशन अडलं होतं. इस्पितळ म्हणत होतं, दोन माणसं आणा, एकेक बाटली रक्त द्या, कोणत्याही गटाचं चालेल, आम्ही बदलून घेऊ. काकूंना जवळचं कुणी नव्हतं.

माझं बालपण चळवळीतल्या वडिलांच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेलेलं. पण पत्रकात लोक चिवडा बांधतात, हे एव्हाना कळलं होतं. म्हणून मी स्लाइड प्रोजेक्टर आणि टेपरेकॉर्डर मागून आणला आणि काकूंची गोष्ट गणपतीच्या मांडवात दाखवली.

लोक हुंदके देऊन रडले. आणि मग? एकेक जण उठून पडद्यापुढे नाणी ठेवू लागला. एकानं नारळ फोडला. एका आजींनी पडद्यावरच्या काकूंना हळदकुंकू वाहिलं. खऱ्या काकू तिसऱ्या रांगेत बसलेल्या!

मी माइक ओढून ओरडले, "अहो, रक्त मागतेय, दक्षिणा नाही!"

"मांडवात दाखवलं तं लोक वाहतीनच ना वं," आजी म्हणाल्या. "आन् तू देल्लं का रक्त?"

नव्हतं दिलं. मी तर फक्त गोष्ट लिहिणारी, हे वाक्य ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

काकू म्हणाल्या, "पोरी, मस्त सांगतलं तू. मीच रडली. पण लोकाईनं कुठं याचं, कधी याचं, हे तं बोललीच नाही."

खरंच. करुणा होती, समाजाचं कर्तव्य होतं, इस्पितळाचा पत्ता तेवढा नव्हता.

सकाळी जाऊन एक बाटली मी दिली. संध्याकाळी तोच खेळ पुन्हा लावला. शेवटच्या स्लाइडच्या काचेवर शाईनं लिहिलं होतं: इस्पितळ, खोली, उद्या नऊ वाजता, आणखी एक माणूस हवा. मग दिवे लावले आणि कुणी तयार होईपर्यंत आरती सुरू होऊ दिली नाही. लोक माझ्यावर चिडले. चिडू देत. अखेर कापडाच्या दुकानातले मुनीमजी पुटपुटले, "येतो वं. चक्कर आली तं धरजो मले."

काकूंचं ऑपरेशन झालं. गल्ली मात्र अजून एवढंच सांगते, की खेळ फार रडवणारा होता.

तेव्हा हे वाचून काही वाटलं, तर मला पत्र लिहू नका. जवळच्या रक्तपेढीची वेळ विचारा, एका शेजाऱ्याला सोबत घ्या आणि उद्या सकाळी रक्त देऊन या.