पेशींची आत्या

प्रयोगशाळेत तिला सगळे आत्या म्हणत, कारण मूळपेशींचे इतके लाड दुसरं कोणी करत नसे. या पेशी भोवतीच्या द्रवात डोळ्यांना न दिसणाऱ्या इवल्याशा पिशव्या सोडतात. त्या पिशव्यांत औषध घालून न भरणाऱ्या जखमा बऱ्या करायच्या, याचा आत्याने ध्यासच घेतला होता. घरी वडिलांच्या पायाची जखम चिघळत होती, त्यामुळे तिला तर जास्तच घाई.

त्या दिवशी यंत्राने पिशव्या मोजल्या, तर त्या नुसत्या उतू चालल्या होत्या. साहेबांनी केक मागवला आणि सुरी आत्याच्याच हातात दिली. तिने ती खाली ठेवली. "थांबा हो! एवढ्या पिशव्या माझ्या पेशींना बापजन्मात जमायच्या नाहीत."

पेशींच्या खाद्यात गाईच्या रक्तातला अंश असतो आणि त्यातही अशाच पिशव्या असतात. म्हणून पेशींच्या पिशव्या गोळा करण्याआधी ते खाद्य बंद ठेवायचं असतं. पण पेशी मलूल दिसल्या आणि आत्याला राहवलं नाही, तिने थोडंसं घातलं होतं. आता तिने नुसतं खाद्यच तपासलं. तेही पिशव्यांनी खच्चून भरलेलं!

दुसरं कोणी असतं तर गपचूप केक खाऊन मोकळं झालं असतं. आत्या म्हणाली, "चूक माझी. सगळं ओतून टाका."

घरी पट्टी बदलताना तिने वडिलांनाही सांगून टाकलं.

"म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?"

"हो, बाबा."

"मग उद्या डबा जरा जास्त देतो," म्हणत ते लंगडत स्वयंपाकघराकडे निघाले.