प्रुफावर नवा मजकूर चालणार नाही

माझ्या बायकोच्या मामांइतका लोकांना धक्के देणारा सज्जन माणूस मी उभ्या इंदुरात पाहिला नाही. त्यांना फक्त कामं वेळेवर व्हायला हवी असत, आणि आमच्या शहराला नेमका त्याचाच धक्का बसे. मध्यभारत राज्य होतं तेव्हाची ही गोष्ट. मामा सरकारी दप्तरखान्यात हेडक्लार्क होते. तुकोगंजातल्या आमच्या इतिहास मंडळाने आपल्या संशोधन त्रैमासिकाची व्यवस्था त्यांच्याकडे सोपवली, तेव्हा उन्हाळ्याचा अंक दिवाळीनंतर निघायचा आणि त्याचं कुणाला काही वाटायचंही नाही. मी शाळामास्तर, प्रुफं तपासायला फुकटात सापडलेला.

मामांनी पहिल्या महिन्यात काय करावं? एक लेख उचलला आणि तो जिथं जाईल तिथं स्वतः त्याच्यासोबत गेले. लेख थांबला की मामाही थांबत. एका प्राध्यापकांकडे तो तपासायला गेला, तर मामा तीन दिवस त्यांच्या ओसरीवर. प्राध्यापकांची पत्नी घाबरून मला म्हणाली, "तुमचे मामा रोज सकाळी येतात, पोहे खातात आणि चुप बसून राहतात. काही गडबड तो नहीं ना?" चौथ्या दिवशी लेख तपासून मिळाला. मामांनी बैठकीत सांगितलं, "काम आठवड्याचं. बाकी वर्षभर लेख कुणाच्या तरी टेबलावर झोपलेला असतो." मग प्रत्येक लेखाला चिठ्ठी टाचली गेली: कुणाकडे आला, कधी आला, कधी गेला. शिवाय एक नियम झाला: शेवटच्या प्रुफावर नवा मजकूर चालणार नाही.

हा नियम म्हणजे अध्यक्षांवर सरळ हल्लाच होता. होळकर दरबारात मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या या गृहस्थांना प्रूफ हातात आल्यावरच खरं काय ते सुचे. पुढच्याच अंकात त्यांनी समासात सहा ओळी वाढवल्या. मामा त्यांना आदराने टांग्यात बसवून छापखान्यात घेऊन आले आणि रामेश्वर कंपोझिटरला म्हणाले, "या ओळी आज साहेबच जुळवतील." रामेश्वर माझ्या कानाशी पुटपुटला, "भिया, ये तो मरवाएंगे!" अध्यक्षांनी अंगरख्याच्या बाह्या सारल्या आणि ते एकेका अक्षराचा शिशाचा खिळा वेचू लागले. तासाभरात दोन ओळी झाल्या, दोन्हीत चुका. काळी बोटं पाहत ते म्हणाले, "एवढं करावं लागतं?" उरलेल्या चार ओळी त्यांनी स्वतःच खोडल्या.

पण खरा धक्का पुढच्या अंकाला बसला. एका जुन्या विहिरीवरच्या शिलालेखावर मामांनी आयुष्यभर काम केलं होतं. तो लेख अखेर छापायला घेतला. शेवटचं प्रूफ वाचताना मामा थबकले. शिलालेखातलं मुख्य नावच त्यांनी चुकीचं वाचलं होतं आणि सगळा निष्कर्ष त्याच नावावर उभा होता.

"दोन पानं बदलू," मी म्हणालो. "मी थांबतो. रामेश्वरही थांबेल."

"नियम काय आहे?"

"मामा, नियम तुमचाच आहे!"

"म्हणूनच," ते म्हणाले आणि लेख काढून घेतला. रामेश्वर डोक्याला हात लावून स्टुलावर बसला. मला तर त्यांचा रागच आला. त्या जागी महेश्वरच्या एका विधवा शिक्षिकेचा, पुढच्या अंकासाठी जुळवून तपासून ठेवलेला लेख गेला. त्याआधी चार वर्षं तो मंडळाच्या कपाटात पडून होता. अंक पहिल्यांदाच ठरल्या दिवशी निघाला.

बाई मोटारबसने अंक घ्यायला आल्या. आपलं नाव छापलेलं पाहून त्या मामांच्या पायाशी वाकल्या, तसे मामा झटकन मागे सरले. "नका," ते म्हणाले, "उशीर आमचा आहे. माफी मी मागायची." आणि त्यांनी खरोखरच हात जोडले.

पुढे राज्य विलीन झालं, राजधानी भोपाळला गेली आणि दप्तरखान्याबरोबर मामाही गेले. स्टेशनवर मी त्यांना लेखाचं विचारलं.

"ते नाव अजून लागत नाहीये," ते हसून म्हणाले. "लागलं की पाठवतो. रांगेत शेवटी लावा हं, जावईबापू."

नंतर कितीतरी वर्षं मंडळाचं टपाल उघडताना मी आधी भोपाळचा शिक्का शोधत असे.