बिळी अक्की आणि मोठा कुरव

यंदा हिडकलला जायचं ठरलं ते आक्काच्या रागापायी. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निपाणीत शिक्षिका. पक्ष्यांचा नाद मला तिनंच लावला. गेल्या हिवाळ्यात हिडकल धरणाच्या फुगवट्यावर तिला म्हणे ‘मोठा कुरव’ दिसला. कुरव हा समुद्रकाठचा पक्षी. थंडीत आपल्या पाण्यावर येतो तो बहुतेक तपकिरी डोक्याचा, लहानखुरा. मोठा क्वचितच. तिनं व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, तर एका जाणकार सरांनी विचारलं, “फोटो?” नव्हता. मग कुणीतरी हसरे चेहरे टाकले आणि आक्काचं डोकं फिरलं. आपल्या शब्दाला किंमत नाही, हे तिला वर्षभर झोंबत होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी मी पिरनवाडीहून उजाडायच्या आत बाईक काढली. संकेश्वरच्या स्टँडवर आक्का निपाणीहून बसनं येऊन आधीच हजर. आपल्या या कन्नड मुलखात बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, त्यामुळे स्वारी खुशीत.

“इडली आवर रं. पक्षी काय तुझी वाट बघत बसणार हाईत व्हय?”

जाणाऱ्यांसाठी सांगतो: या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरमागून गाडी हाकायचा संयम घरूनच आणावा. शेवटचा कच्चा रस्ता कंबर ढिली करतो. पाणी आणि जुने बूट सोबत ठेवा, काठाला चिखल फार.

पाण्याजवळच्या गावात चहाला थांबलो. मी पैसे देत होतो तेवढ्यात आक्कानं टपरीवाल्या बाईंना आपल्या खास कन्नडमध्ये विचारलं, “बिळी अक्की एल्लि सिगताव री?” तिला म्हणायचं होतं ‘बिळी हक्की’, म्हणजे पांढरे पक्षी कुठे मिळतात. ‘ह’ गिळला की त्याचा होतो पांढरा तांदूळ! बाईंनी शांतपणे मागच्या गल्लीकडे हात केला.

“बघ, इथल्या लोकांना सगळं ठावं असतंय,” म्हणत आक्का तरातरा निघाली. मी गंमत बघत मागोमाग. गल्लीच्या टोकाला किराणा दुकान. दुकानदारानं तिच्या तळहातावर मूठभर तांदूळ ठेवला. आक्का माझ्या कानात म्हणाली, “पाखरांस्नी घालायला देत्यात वाटतं.”

मला हसू आवरेना. मी खरा प्रकार सांगितल्यावर दुकानदार इतका हसला की गल्ला सोडून बाहेर आला. “हक्की? अवू हिंदक अदाव,” म्हणाला, पक्षी मागंच आहेत, आणि आम्हाला परसात नेलं. पुढे चिखलाचा काठ आणि त्यावर कुरवांचा थवा! लाजेखातर दोन किलो तांदूळ मात्र घ्यावा लागला.

थंडीत तपकिरी डोक्याच्या कुरवाचं डोकंही मोठ्यासारखं पांढरंच असतं, डोळ्यामागे काय तो एक काळा ठिपका. घोटाळा होतो तो इथेच. त्यांच्या लाल चोचींमध्ये एकच पिवळी चोच होती, टोकाजवळ काळा पट्टा असलेली, मोठ्या कुरवाची. बाकीची पोरं आणि हा हेडमास्तर, एवढा फरक. मी धडाधड फोटो काढले.

“आक्का, जिंकलीस! टाक ग्रुपवर.”

आक्का दुर्बीण खाली घेईना. मग हळूच म्हणाली, “न्हाय रं. गेल्या साली बघितला त्यो ह्यो न्हवं.”

“म्हणजे?”

“त्यो एकटाच हुता, मापाला शेजारी कोण न्हवतं. चोच लालच असणार, उन्हात मला पिवळी वाटली. ह्यो केवढा हाय बघ की!”

“असू दे. कुणाला कळतंय?”

“मला कळलंय न्हवं?” म्हणाली आणि तांदळाची पिशवी मांडीवर घेऊन खळखळून हसली. मला तिचा फार अभिमान वाटला.

संध्याकाळी घरी पोचेपर्यंत ग्रुपवर तिचा मेसेज आला होता: “मोठा कुरव, हिडकल, फोटोसह. गेल्या वर्षीचा माझा चुकला होता. तो तपकिरी डोक्याचाच.”

परवा तिनं निपाणीजवळच्या तळ्यावर चक्रवाकाची जोडी दिसल्याचं लिहिलं. फोटो नव्हता. सरांनी एवढंच विचारलं, “तळ्याकडे रस्ता कुठून जातो, मॅडम?”