बाबांच्या मांडवातल्या अ‍ॅम्पवर कोरलेली तबकडी

मंडळी, घरच्या घरी रेकॉर्ड कोरायचं एक जुनं यंत्र मी भंगारातून आणलं होतं. आज दुपारी शहापुरात, आमच्या साउंडच्या गोडाऊनमध्ये ते चाललं.

त्याचा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर मेलेला. माझ्या नव्या स्टिरिओ अ‍ॅम्पने कोरणारी सुई जेमतेम हलली, कारण तिला जास्त व्होल्टेज लागतं. ते बाबांच्या मांडवातल्या अ‍ॅम्पने दिलं. लांबच्या भोंग्यांसाठी त्याला शंभर व्होल्टची लाइन असते. मीटर लावून मी सत्तरवर थांबले.

कोरी तबकडी एकच उरली होती, मिनिटभराची. तिच्यावर मला बाबांचा आवाज हवा होता. गावोगाव माइक लावण्यात त्यांचं आयुष्य गेलं, पण त्यांचं बोलणं कुठेच रेकॉर्ड नाही.

सुई टेकवून मी खूण केली. बाबांनी माइकवर टिचकी मारली. "हॅलो, चेक, चेक. वन, टू, थ्री." आणि सवयीने बाजूला झाले.

"बाबा, बोल ना!"

"झाला ना चेक. बोलणारे पाव्हणे येतील."

"आज पाव्हणा तूच आहेस."

"मला नाय जमत गो. तूच बोल."

"अरे, सुई चाललीय!"

"मग बंद कर, फुकट जाते."

तबकडी संपली. वाजवली तेव्हा आमची ही सगळी हुज्जत तिच्यात आली होती. बाबा कान लावून बसले. "बेस जरा कमी हाय," म्हणाले. ते बरोबर होतं. तरी मला हीच तबकडी हवी आहे.

तुमच्या घरातल्या अबोल माणसाचं असं साधं बोलणं तुमच्याकडे जपलेलं आहे का?