मालडब्यातून खिडकीपाशी

माझी थोरली बहीण शिवणकाम शिकवायची. लहानपणीच्या तापात तिचे पाय गेले, पण कापडावर नुसती नजर फिरवून किती कमी पडेल ते ती सांगायची. तिचा वर्ग दोन स्टेशनं पलीकडे. रोज सकाळी मी तिची चाकाची खुर्ची फलाटापर्यंत ढकलायचो आणि कामावर जायचो. पुढचं मामांकडे.

मामा म्हणजे स्टेशनातले जुने हमाल. फलाटापेक्षा गाडीचं दार हातभर उंच, म्हणून मामा आणि त्यांचा जोडीदार दोन्हीकडून खुर्ची उचलायचे. प्रवाशांच्या डब्याची दारं अरुंद. त्यामुळे ताईची जागा मालडब्यात, सायकली आणि टोपल्यांच्या मधे.

"तिकीट माणसाचं काढते आणि जाते सामानातून," ती म्हणायची.

"सामान बरं, मास्तरीणबाई," मामा म्हणायचे. "ते एवढं बोलत नाही."

अशी बारा वर्षं गेली. एका सकाळी फलाट नुकताच धुतलेला होता. जोडीदाराचा पाय सटकला, खुर्ची कलंडली आणि ताई खाली आली. उजवं मनगट मोडलं. कात्री धरायचा हात तो.

संध्याकाळी मामा आमच्या दारात आले, पण आत येईनात. मान खाली.

"या की आत," ताई म्हणाली. "चूक तुमची नाही, मामा. फलाटच मापात शिवलेला नाही."

हे तिनं मामांच्या समाधानासाठी म्हटलं असं मला वाटलं. पण प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तिनं टेप काढली आणि मला तिन्ही स्टेशनांवर फिरवलं. फलाटापासून दारापर्यंत कुठे सोळा इंच, कुठे चौदा, आमच्याकडे एकोणीस. सगळं लिहून रेल्वेच्या कचेरीत पाठवलं. तीन पत्रांना उत्तर आलं नाही, तेव्हा चौथं घेऊन ती स्वतः गेली. कचेरी दुसऱ्या मजल्यावर, वर जायला फक्त जिना. ताई पायरीशी बसून राहिली आणि वर निरोप धाडला. दोन तासांनी इंजिनियर साहेब खाली उतरले.

"बाई, फलाट असा मनाला येईल तसा वर करता येत नाही," ते म्हणाले.

"साहेब, माझ्याकडे बाही अर्धा इंच चुकली तर गिऱ्हाईक परत येतं. तुमच्याकडे एकोणीस इंच चुकलंय."

साहेब हसले नाहीत. कागदाची घडी करून त्यांनी खिशात ठेवली.

मधे दोन वर्षं गेली. ताई पुन्हा मालडब्यातूनच जायची. मी तर आशा सोडली होती. मग एकदाचं काम निघालं. फलाट वर आला, रुंद दारांचे नवे डबे आले. मधे उरली जेमतेम दोन बोटांची फट.

पहिल्या दिवशी मामा सवयीनं पुढे झाले, हात पसरून.

"मामा, आज हात खिशात घाला," ताई म्हणाली. तिनं स्वतः चाकं फिरवली आणि आत गेली. मामा खिशात हात घालून गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभे होते.

संध्याकाळी ताईचा चेहरा फुलला होता.

"एक बाई भांडली माझ्याशी," ती म्हणाली. "खिडकीची जागा अडवलीत म्हणाली."

"मग?"

"मीही सोडलं नाही. चौदा वर्षांत गाडीत माझ्याशी भांडायला कुणी नव्हतं रे."

आठवडाभरानं ती म्हणाली, "उद्यापासून पंधरा मिनिटं आधी निघू."

"का? आता तर चढायला वेळच लागत नाही."

"मामा एकटे असतात."

मामा निवृत्त होईपर्यंत तो नेम चालला. ताईला सोडून मी निघायचो आणि वळणावरून मागे बघायचो. बाकावर मामा हातवारे करून काहीतरी सांगत असायचे, शेजारी ताई हसत असायची. गाडी येऊन समोर उभी राहिली तरी तिला घाई नसायची.