औषध घातलेलं पेट्रोल

आमच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर एक पांढरी व्हॅन उभी असते. पूर्वी ती शाळेची मुलं नेत असे. नवरा निवृत्त झाला, त्याने ती विकत घेतली आणि तिच्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे असा सगळा संसार थाटला. आता आम्ही भारत बघणार होतो. कॉलनीतले लोक कौतुकाने यायचे. तो त्यांना पलंगावर बसवायचा, पडदा ओढून दाखवायचा, आणि चहा मात्र मी घरातून करून आणायची. व्हॅनमधली शेगडी खराब झाली असती ना!

भारत राहिला जागच्या जागी. उन्हाळ्यात नागपुरातून बाहेर पडणं म्हणजे वेडेपणा, पावसाळ्यात रस्ते वाईट, हिवाळ्यात कुणाची ना कुणाची लग्नं. वर्षाला तीनच ऋतू असतात, त्यामुळे माझ्या नवऱ्याची कारणं कधी कमी पडली नाहीत.

मग त्याला पेट्रोलची काळजी लागली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि गाडी उभी राहिली की टाकीतलं पेट्रोल शिळं होतं, असं त्याला मोबाइलवर कुणीतरी सांगितलं. तोवर मला वाटायचं, फक्त भात शिळा होतो. त्याने पेट्रोल टिकवणाऱ्या औषधाची बाटली मागवली. टाकी गच्च भरून ठेवायची, म्हणजे हवेला जागाच उरणार नाही, असं ठरलं. आणि दर रविवारी इंजिन सुरू करायचं, गाडी मात्र हलवायची नाही.

आमच्याकडे देवपूजा नाही. सासऱ्यांनी धम्म घेतला तेव्हाच घरातले देव बाहेर गेले. दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना माझा नवरा खो खो हसतो. पण रविवारी हा स्वतः आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून निघायचा. टाकीचं झाकण उघडून वास घ्यायचा, काच पुसायचा, किल्ली फिरवायचा आणि डोळे मिटून इंजिन ऐकत बसायचा. मी खिडकीतून विचारायची, "झाली का आरती?" मग दुपारपर्यंत बोलायचा नाही. मला तेवढीच शांतता.

एकदा मी म्हटलं, "चला ना हो, इथल्या फुटाळा तलावापर्यंत तरी जाऊन येऊ."

"अवं, औषध टाकून राहिलो मी त्यात," तो म्हणाला. "ते का असंच फिरण्यात जाळून टाकू?"

म्हणजे पेट्रोल टिकवायचं म्हणून गाडी काढायची नाही, आणि गाडी निघत नाही म्हणून पेट्रोल सडणार! हे त्याला कधीच दिसलं नाही. रविवारी जेवढं जळेल तेवढं तो कॅनमधून वरून ओतायचा आणि म्हणायचा, "ताजं करून टाकलं." विरजणात दूध घातलं की त्याचंही दहीच होतं, हे कळायला स्वयंपाकघरात जावं लागतं. तिथे तो कधी गेला नाही.

यात हसण्यासारखं खूप होतं आणि मी मनसोक्त हसलेही असते, पण मध्ये बाई होती.

माझ्या मोठ्या बहिणीला मी बाई म्हणते. ती पारशिवनीजवळच्या आमच्या गावी राहते. नागपुरात दीक्षा झाली त्या दिवशी ती आईच्या कडेवर होती. पुढे दरवर्षी दसऱ्याला ती दीक्षाभूमीला यायची, गर्दीत रांगेत उभी राहायची. मग खुब्याचं दुखणं लागलं आणि तिचं बसणंच बंद झालं. पडून राहता येतं किंवा काठी घेऊन थोडं उभं राहता येतं. गावचा टेम्पो दरवर्षी निघतो, पण एवढ्या माणसांची जागा अडवून मी आडवी कशी होऊ, म्हणून ती नाही म्हणायची. माझा नवरा एकदा तिला म्हणाला, "बाई, तुमच्यासाठीच तर पलंग केला गाडीत." तिने ते खरं धरलं. एका दसऱ्याला त्याची पाठ धरली, दुसऱ्याला पाहुणे आले. ती वाट बघत राहिली, आणि मी फोनवर त्याच्या वतीने खोटं बोलत राहिले.

या वर्षी तिचाच फोन आला. "ह्या वर्षी नेता का मले? पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही वं."

मी नवऱ्याला म्हटलं, दसऱ्याला ही गाडी पारशिवनीला गेली नाही तर दुसऱ्या दिवशी भंगारात जाईल. माझा चेहरा बघून तो हो म्हणाला.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही निघालो. कामठीच्या अलीकडेच गाडीने आचके द्यायला सुरुवात केली, दोनदा खोकली आणि रस्त्याच्या कडेला मेली. नवऱ्याने खाली वाकून एक नळी सोडवली, पाण्याच्या रिकाम्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि उन्हात धरलं. रंग चहासारखा, वास जुन्या वॉर्निशचा. तळाशी पाण्याचा वेगळा थर.

"पाहिलं?" तो म्हणाला. "मी म्हणून राहिलो होतो ना, इथेनॉल पाणी ओढते!"

त्याचा चेहरा फुलला होता. आयुष्यात प्रथमच त्याचं म्हणणं बाटलीत दिसत होतं. तिकडे बाई पांढरं लुगडं नेसून पहाटेपासून वाट बघत होती आणि हा मला थर दाखवत होता. मला इतका संताप आला की ती बाटली त्याच्या हातातून घेऊन मी नाल्यात फेकली. मग बाईला फोन केला आणि गाडी बंद पडल्याचं सांगितलं. ती "बरं" म्हणाली.

बऱ्याच वेळाने पलीकडच्या बाजूला निळे झेंडे लावलेला एक टेम्पो थांबला. आमच्याच गावचा. मधोमध गादी घातली होती, गादीवर बाई, आणि तिच्या चारी बाजूंनी माणसं अंग चोरून बसलेली. फोन झाल्यावर शेजारच्या बायांनी तिचं काही ऐकलं नाही म्हणे, उचलूनच आणली.

मी धावत रस्ता ओलांडला. बाईने मान वर करून माझ्या नवऱ्याला हाक मारली. "जवाई, या ना! होते जागा."

"गाडी सोडून कसा येऊ?" तो तिकडून ओरडला. "टाकी भरून आहे!"

टेम्पोतले लोक हसले. गावातल्या एकीने मला हात देऊन वर ओढलं आणि टेम्पो निघाला. इतकी वर्षं मी त्याची टर उडवत आले, पण लोक हसले तेव्हा मला हसू आलं नाही. त्याची लाज वाटली, बाईसमोर वाटली, आणि त्याच्या वतीने तिच्याशी बोललेलं सगळं खोटं आठवलं. मी पदर डोळ्यांना लावला.

बाईने पडल्या पडल्या माझा हात ओढून घेतला.

"रडून काहून राहिली वं? मी तर पोहोचून राहिली ना."